हाड म्हटल्यावर

गुणाजी परब जन्माचा बदलीवाला. लालबागच्या गिरणीत साच्यांच्या, म्हणजे कापड विणायच्या मागांच्या, खात्यात कामाला होता म्हणायचं, पण कामाला म्हणजे काय, तर सकाळी गेटावर उभं राहायचं आणि कोणी आजारी पडला, कोणी गावी गेला, तर त्याच्या साच्यावर दिवस काढायचा. कोणीच गैरहजर नसेल तर डबा तसाच घेऊन घरी यायचं. वनमाला तोच डबा दुपारी ताटात काढायची आणि काही बोलायची नाही. तिचं न बोलणंच त्याला जास्त लागायचं. पुढे संप लागला, भोंगा बंद पडला, आणि ज्यांच्या जागी हा उभा राहायचा ते कायमवालेही रस्त्यावर आले. दुसरं वर्ष उजाडलं तेव्हा गुणाजीने गिरणीचा नाद सोडला.

नवराबायको मुलुंडला डोंगराच्या पायथ्याच्या चाळीत राहायची. चाळीपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर एक तारेची कंपनी होती. तिची मागची भिंत डोंगराला लागून, आणि त्या भिंतीवरून तांब्याची तार उड्या मारून पळत होती. वॉचमन शिट्टी फुंकेपर्यंत चोर डोंगरात. शेवटी सिक्युरिटीचे साहेब, श्यामसुंदर सबनीस, त्यांनी अल्सेशियनचं एक पिल्लू आणलं. त्याची घाण काढायला आणि त्याला दूध पाजायला माणूस हवा होता. गुणाजी लागला. इथेही टेंपररीच.

पिल्लाचं नाव साहेबांनी ठेवलं सीझर. आल्या आल्या ते आजारी पडलं. पातळ हगायला लागलं, डोळ्यांना चिकटा धरला, मान टाकली. जनावरांच्या डॉक्टरने हात झटकले. साहेब म्हणाले, "गुणाजी, घरी घेऊन जा याला. इथे मेलं तर मॅनेजर मलाच बोलेल."

गुणाजीने ते गोणपाटात गुंडाळून चाळीत आणलं. वनमालाने आधी कपाळावर हात मारला आणि मग चुलीवर पेज ठेवली.

"नाव काय म्हणालात?"

"सीझर."

"शिजर? भात शिजता तसो कुत्रो शिजतलो काय?"

"सीझर गो. साहेबान ठेवलेला आसा."

"माझ्या तोंडाक नाय जमाचा. शिजरच म्हणतंय मी. आनि डॉक्टराक काय कळता? पेज पोटात गेली काय उठून बसतलो."

तिने बोट पेजेत बुडवून त्याच्या ओठांना लावलं. रात्रंदिवस तेच. पोर नव्हतं घरात, लग्नाला इतकी वर्षं होऊनही. त्याबद्दल दोघं बोलत नसत. पण ते ओलं, घाण वासाचं पिल्लू मांडीवर घेऊन बसलेल्या बायकोकडे गुणाजी बघायचा आणि त्याला भडभडून यायचं. पिल्लू जगलं. पेज चाटायला लागलं, पण त्यापुढे जाईना. मग वनमाला बाजारात खाटकाकडे गेली, त्याच्याकडून हाडं मागून आणली, पाण्यात खदखदून उकळली आणि दारात बसून एक हाड त्याच्या नाकासमोर धरलं.

"हाड. हाड घे रे शिजर, हाड."

तो लटपटत आला आणि त्याने ते तोंडात धरलं. त्या दिवसापासून चाळीत रोज संध्याकाळी हा खेळ. वनमाला दारातून हाक घालायची, "हाड," आणि पिल्लू चाळीच्या त्या टोकाहून कान पाडून धावत यायचं. शेजारची नलिनी हसून लोळायची. "अगं वनमाला, कुत्र्याला हाड म्हणतेस आणि तो येतो? उलट्या डोक्याचं आहे गं हे."

"हाडाक हाड नाय तर काय म्हणू?"

नलिनीचं खोटं नव्हतं. चाळीत कोणी त्याला हाकलायला "हाड, हाड" केलं की हा शेपूट हलवत त्याच्याच पायाशी येऊन बसायचा आणि त्याच्या हाताकडे बघत राहायचा. लोकांना गंमत वाटायची. कोणी मुद्दाम करायचे. त्यातून पुढे काय वाढून ठेवलंय, ते तेव्हा कोणाच्या डोक्यात यायचं?

सीझर धडधाकट होऊन कंपनीत परत गेला आणि वर्षभरात दाराएवढा वाढला. त्याला शिकवायला साहेबांनी काशीराममामांना बोलावलं. मामा पोलिसांच्या कुत्र्यांच्या पथकातून निवृत्त झालेले, एका पायाने किंचित लंगडे. तो पाय त्यांच्याच एका कुत्र्याने धरला होता आणि हे ते अभिमानाने सांगत. गुणाजीला फक्त साखळी धरायला उभा केला होता, पण पहिल्याच दिवशी मामांच्या लक्षात आलं की कुत्रं बघतंय ते मामांकडे नाही, गुणाजीकडे.

"शिकायचंय का रे तुला?" मामांनी विचारलं.

गुणाजीने नुसती मान हलवली.

"मग शरम सोड. या धंद्यात शरम चालत नाही. चारचौघांत कुत्र्याची तारीफ करावी लागते, बायकोची करत नसशील तशी."

आणि खरंच गुणाजीला शरम वाटायची. कंपनीच्या मागच्या मोकळ्या जागेत उन्हातान्हात साखळी डाव्या हातात धरून चालायचं, कुत्र्याचा खांदा आपल्या गुडघ्याला लागलेला पाहिजे, आणि ओरडायचं, "हील! सिट! स्टे!" जेवणाच्या सुट्टीत कामगार भिंतीवर बसून बघायचे. "अरे गुणाजी, कुत्रा बसला, तू कधी बसतोस?" असं चालायचं. घामाने सदरा पाठीला चिकटायचा, साखळीने तळहात सोलून निघायचे. वनमाला रात्री हाताला खोबरेल लावायची. पण हळूहळू त्याला कळायला लागलं की या कामात त्याची बदली कोणी करू शकत नाही. साचा कोणाच्याही हाताने चालतो. हे जनावर त्याच्याच हाताने चालत होतं. आयुष्यात पहिल्यांदा एक वस्तू त्याच्यावाचून अडत होती, आणि या गोष्टीचं सुख त्याला इतकं झालं की चालताना तो एकटाच हसायचा.

सबनीससाहेबांनीही बघितलं. म्हणाले, "डॉग हँडलरची जागा काढतोय मी. कायम. खाकी कपडे, बूट, सगळं. मॅनेजरसाहेबांसमोर कुत्रं चालवून दाखव. चोर पकडून दाखव. मग जागा तुझी."

कायम हा शब्द साहेबांनी सहज उच्चारला. गुणाजीने तो घरी येईपर्यंत तोंडात धरून ठेवला.

गणपती पाण्यात गेले आणि मागोमाग तो दिवस आला. चोर व्हायचा तो वॉचमन धाकू. हाताला गोणपाटाची जाड बाही बांधून तो पळायचा, सीझरने ती बाही पकडायची, गुणाजीने "लीव्ह" म्हटलं की सोडायची. महिनाभर असंच घोटलं होतं. धाकू पळताना तोंडातून ब्र काढायचा नाही, कारण त्याच्या तोंडात सदा तंबाखू. पण ऐन दिवशी धाकूला ताप भरला. मॅनेजरसाहेब खुर्चीवर येऊन बसले होते. स्टोअरमधला नंदकिशोर पुढे आला. "मी होतो चोर, त्यात काय? शाळेत मी शंभर मीटर पळायचो." बाही बांधली, हिरोसारखा हात केला आणि पळाला.

गुणाजीने साखळी सोडली. सीझर सुटला तो असा सुटला की बघणाऱ्यांनी श्वास रोखले. धूळ उडाली. नंदकिशोरने मागे वळून बघितलं, आणि कुत्रं असं अंगावर येताना बघितल्यावर मराठी माणसाच्या तोंडून जे निघतं तेच त्याच्या तोंडून निघालं.

"हाड! ए हाड, हाड!"

सीझर पळतापळता थांबला. पाय घसरले त्याचे. मग तो नंदकिशोरच्या पुढ्यात नीट बसला, कान पाडले, शेपटीने धूळ झाडायला लागला आणि त्याच्या हाताकडे बघत राहिला.

आधी एकजण हसला, मग सगळी भिंत हसली. नंदकिशोरला तर चेव आला. "हाड," तो परत म्हणाला, आणि सीझर आणखी जवळ सरकला. मॅनेजरसाहेब उठले. "सबनीस, हे कुत्रं चोर पकडतं की त्याच्याकडे जेवायला जातं?" एवढं बोलून निघून गेले.

सबनीस लालबुंद झाले होते, पण माणूस वाईट नव्हता. थोड्या वेळाने गुणाजीला बोलावून म्हणाले, "वांद्र्याला एक एजन्सी आहे. कुत्रा आणि माणूस दोन्ही देतात. दसऱ्यानंतर त्यांचा माणूस येईल. तू शेडचं काम कर. काढत नाही तुला." म्हणजे परत झाडू. परत कोणाच्या तरी जागी.

घरी आल्यावर वनमालाला सांगायची हिंमत होईना. सांगितलं तेव्हा ती भात ढवळायची थांबली.

"म्हणजे ह्यां माझ्यामुळे झाला."

"तुझ्यामुळे नाय. तू त्याका जगवलंस."

"जगवलंय नि वाट पण मीच लावलंय." आणि पदर तोंडाला लावून ती रडली. गुणाजीला काय करावं कळेना. त्याने भाताखालची आच कमी केली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मामा आले. गुणाजीने सगळं सांगितलं, पेजेपासून. वाटलं मामा चिडतील. मामा शेडच्या पायरीवर बसले आणि पोट धरून हसले. मग हसू थांबवून विचारात पडले.

"पुसता नाही येणार हे. जिवावरच्या दुखण्यात शिकलाय तो. तो शब्द म्हणजे त्याची आई आहे."

"मग काय करू मामा?"

"अरे खुळ्या, या मुंबईत कुठलाही चोर घे. घाटी घे, भय्या घे, कोकणातला घे. अंगावर कुत्रं आलं की तो काय म्हणणार? सिट म्हणणार आहे का तो?"

गुणाजी मामांच्या शेजारी पायरीवर बसला.

"हाडच म्हणणार. तो हाड म्हणाला की आपलं कुत्रं त्याच्या पुढ्यात बसतं. चांगलं आहे की. आता फक्त दोन गोष्टी शिकव. एक, तो माणूस हलला की भुंकायचं आणि त्याला सोडायचं नाही. दुसरी, हाड म्हणणाऱ्याच्या हातून हाड मिळत नाही. मिळतं ते गुणाजीच्या हातून, गुणाजी येईपर्यंत तिथेच बसलं तर. कोणाच्याही हातचं घ्यायचं नाही. ध्यानात ठेव, कोणाच्याही."

मग ते काम सुरू झालं. शेड झाडून झालं की गुणाजी आणि तापातून उठलेला धाकू मागच्या भिंतीशी जायचे. ऑक्टोबरचं ऊन डोंगराच्या खडकावरून परत फिरून तोंडावर यायचं. धाकू तंबाखू थुंकून "हाड" म्हणायचा, सीझर बसायचा. धाकूच्या हातात हाड असायचं, ते तो द्यायचा नाही. सीझर रडकुंडीला यायचा, धाकूच्या हाताशी नाक न्यायचा, गुणाजी लांबून दोरी ओढायचा, "नो." मग गुणाजीने भिंतीआडून यायचं, खिशातलं हाड काढायचं आणि त्याला जवळ घेऊन द्यायचं. धाकू पाऊल हलवे, सीझर भुंके, मग परत हाड, परत वाट बघणं. दिवसचे दिवस. गुणाजीच्या दंडावर दोरीचे वळ उठले. सदऱ्याच्या खिशाला हाडांचा वास लागला तो धुऊन जाईना.

कुत्रं शिकत होतं. आणि तेवढ्यात नवरात्र बसलं.

"नऊ दिस घरात हाड शिजाचा नाय," वनमालाने सांगून टाकलं. तिने घट बसवला होता, उपास धरले होते. "तुमी पण खिशात घेवन फिरा नुको."

"अगो पण शिजर..."

"त्याका भाकरी घाला तुपाची. देवीपुढे माझा नि तुमचा दोघांचा गाऱ्हाणा घातलंय. नोकरी कायम होवंदे म्हणान. आता मीच मोडू तां?"

गुणाजीने भाकरी नेली. सीझरने ती हुंगली, खाल्ली, पण गुणाजीच्या खिशाकडे परत परत बघितलं. मामा म्हणाले होते, शब्द एक आणि पदरात भलतंच पडलं तर कुत्र्याला आपण फसवतोय असं वाटतं. गुणाजीला खरंच फसवल्यासारखं वाटत होतं. त्याने हाडाचा सराव बंद ठेवला आणि नुसता साखळीवर फिरवत राहिला. आणि दसरा तर तोंडावर.

दसऱ्याला कंपनीत मशिनं बंद. ज्याने त्याने आपली हत्यारं पुसून मांडली, मशिनांना झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ. गुणाजीकडे काय होतं? त्याने शेडच्या पायरीवर साखळी, पट्टा, शिट्टी आणि गोणपाटाची बाही मांडली, त्यावर फूल ठेवलं. धाकू म्हणाला, "आणि हे?" सीझरकडे बोट करून.

"हे हत्यार नाही."

"मग कोण?"

उरलेली माळ गुणाजीने सीझरच्या गळ्यात घातली. सीझरने त्यातली दोन फुलं खाल्ली.

सगळे पुढच्या शेडमध्ये आरतीला आणि जिलबीला जमले होते. मागे चिटपाखरू नव्हतं. सीझर मोकळा होता, पायरीशी पडलेला. गुणाजी साखळीला कुंकू लावत होता, आणि मागच्या भिंतीकडे तारेचं रीळ पडल्याचा आवाज झाला. सीझरने कान उभे केले आणि गुणाजी उठायच्या आत तो गेला.

गुणाजी धावला. वळणापलीकडून आवाज येत होता, घाबरा, माणसाचा. "हाड! हाड! ए हाड!" नऊ दिवसांत या पोराने हाड बघितलेलं नाही. हा आता शेपूट हलवत त्या माणसाच्या हाताला लागतो की रागाने त्याला फाडतो, कोणास ठाऊक.

वळण घेतलं. भंगाराच्या लॉरीवर येणारा एक हेल्पर भिंतीला पाठ लावून उभा होता. सदऱ्याखाली कमरेभोवती तार गुंडाळलेली, पोट फुगल्यासारखं. आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर, गळ्यात झेंडूची माळ घातलेला सीझर बसला होता. त्याने माणसाला दातही लावला नव्हता. हेल्परने पाय उचलला की हा भुंके. त्याने "हाड" म्हटलं की हा गप्प होऊन आणखी पुढे सरके. बिचाऱ्याचा घसा बसला होता.

"अहो दादा," तो रडवेला होऊन म्हणाला, "हे कसलं कुत्रं? हाड हाड करतोय तर आणखी जवळ येतंय."

"तू गप उभा राहा. काही करणार नाही तो," गुणाजी म्हणाला. हेल्परने तार काढून खाली ठेवली. सीझरने मान वळवून गुणाजीकडे बघितलं, मग त्याच्या खिशाकडे. त्याची बाजू पुरी झाली होती.

गुणाजीने खिशात हात घातला. खिशात प्रसादाच्या खोबऱ्याचा तुकडा होता. तो हातावर ठेवून गुणाजी खाली बसला, सीझरची मान दोन्ही हातांत धरली आणि म्हणाला, "देतलंय रे. आईशपथ देतलंय." खोबरं सीझरने भिडेखातर खाल्लं.

तोवर जिलबी टाकून सगळे आले होते. सबनीससाहेबही. त्यांनी हेल्परकडे बघितलं, तारेकडे, झेंडूच्या माळेकडे. हेल्परचा सदरासुद्धा फाटला नव्हता.

"चावला नाही?"

"नाही साहेब. धरून ठेवला."

"कुठली ऑर्डर दिलीस?"

"मी नाही दिली. त्यानेच दिली," गुणाजी हेल्परकडे बघत म्हणाला. "हाड."

साहेबांना समजायला थोडा वेळ लागला. मग ते असे हसले की चष्मा काढून पुसावा लागला. "वांद्र्याच्या माणसाला नको म्हणून कळवतो," ते म्हणाले. "सोमवारी शिंप्याकडे जा. माप दे खाकीचं." जाताना त्यांच्या पायात कंपनीतलं एक गावठी कुत्रं आलं. साहेबांनी सवयीने हात उचलला, "हा" एवढं बोलले, सीझरकडे बघितलं आणि बाकीचं गिळून टाकलं. "जा बाबा, जा," म्हणाले त्या कुत्र्याला.

घरी गुणाजीने वनमालाच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं. "कायम झालंय," तो म्हणाला. तिने पान डोळ्यांना लावलं, देवीपुढे ठेवलं आणि नमस्कार करून बराच वेळ तशीच वाकून राहिली. मग सरळ होत म्हणाली, "शिजराक काय दिलात?"

"खोबरा."

"अरे देवा. नि उद्या एकादशी."

एकादशीने आणखी एक दिवस खाल्ला. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच वनमाला बाजारात गेली, खाटकाकडून नळीचं मोठं हाड निवडून घेतलं, उकळलं, केळीच्या पानात बांधलं आणि तडक गेली कंपनीत. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच तिथे येत होती. नवं लुगडं, केसात झेंडू. धाकूने सलाम ठोकून आत सोडलं. गुणाजी शेडमागे पाणी भरत होता.

सीझर मोकळ्या जागेत पडला होता. तिला बघताच उठला, धावत आला, अंगावर चढला, तिचे गाल, मान, सगळं चाटलं. ती हसत हसत मागे सरली, पान सोडलं आणि दारात बसून म्हणायची तसंच म्हणाली.

"हाड. हाड घे रे शिजर."

सीझर थांबला. तिच्या पुढ्यात बसला, ताठ. हाडाच्या वासाने त्याच्या तोंडातून लाळ खाली टपकत होती, पण नाक त्याने पुढे केलं नाही. वनमालाने हाड त्याच्या तोंडाशी नेलं. त्याने तोंड फिरवलं. तिने एक पाऊल पुढे टाकलं आणि तो भुंकला. तिच्यावर भुंकला.

वनमाला जागच्या जागी उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अवो," तिने हाक मारली, "अवो, इकडे येवा. ह्येका काय झाला?"

गुणाजी बादली टाकून पळत आला. बघितलं आणि त्याचं तोंड पडलं. "कोणाच्याच हातचा घेवचा नाय म्हणान शिकवलंय त्याका. तुझा ध्यानातच रवला नाय माझ्या."

"माझ्या पण हातचा नाय?"

"नाय."

"बोटान पेज पाजलेल्याच्या पण?"

सीझर एकदा तिच्याकडे बघत होता, एकदा त्याच्याकडे, आणि लाळ गळतच होती. वनमालाने पदराने डोळे पुसले. मग तिच्या तोंडावर हळूहळू हसू यायला लागलं, रडण्यातूनच, आणि ते थांबेना.

"माका चोर म्हणान धरल्यान मेल्यान," ती म्हणाली. "चांगला शिकवलात. आता माका पटला, झालात तुमी कायम."

आणि तिने ते हाड गुणाजीच्या हातात दिलं.